मागोमे ते त्सुमागो: जपानच्या जुन्या डोंगरवाटेवर

एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो या दोन शहरांना जोडणारे दोन राजमार्ग तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे त्या घराण्यातल्या लष्करी शासकांच्या, काळात वाहते होते. त्यांपैकी समुद्रकाठाने जाणारा तोकाइदो अधिक गजबजलेला होता. डोंगरांतून जाणारा नाकासेन्दो अधिक लांबचा, सुमारे ५३० किलोमीटरांचा होता. या दुसऱ्या मार्गावर मुक्कामाची ६९ ठाणी होती. जपानी भाषेत त्यांना शुकुबा म्हणतात. त्यांपैकी ११ ठाणी एकट्या किसो प्रदेशात होती आणि त्यांतली काही आजही बऱ्याच अंशी जुन्या रूपात उभी आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझी थोरली बहीण आणि नागोयाला नोकरी करणारी तिची मुलगी अशा तिघी तिकडे जाऊन आलो. मागोमे आणि त्सुमागो या दोन गावांमधली वाट आम्ही एका स्थानिक मार्गदर्शक बाईंबरोबर पायी चाललो. त्या एका दिवसासाठीच सगळा प्रवास आखला होता आणि या लेखातही बहुतेक जागा त्याच दिवसाला दिली आहे.

पहिला दिवस: नागोयाहून मागोमे

नागोयाहून शिनानो या जलद गाडीने नाकात्सुगावा स्थानक पन्नासेक मिनिटांत येते आणि तिथून मागोमेला जायला अर्ध्या तासाची बस आहे. नाकात्सुगावात बसला वेळ होता म्हणून भाचीने आम्हाला मिठाईच्या एका दुकानात नेले. सप्टेंबरपासून थंडीपर्यंत या गावात कुरी किंतोन नावाचा पदार्थ मिळतो. उकडलेल्या चेस्टनटचा गर साखरेबरोबर आटवायचा, त्याचा लहान गोळा फडक्यात धरून पिळायचा आणि फडके सोडले की वर पिळाचा शेंडा तसाच राहतो. त्यात पीठ नाही, लोणी नाही, अंडे नाही. ताई कडक शाकाहारी आहे आणि या प्रवासात तिच्या खाण्याचीच आम्हा दोघींना काळजी होती. पहिल्याच घासाला तिने "आणखी चार बांधून घे गं" असे लेकीला सांगितले, तेव्हा निम्मी काळजी मिटली.

मागोमे हे गाव डोंगराच्या उतारावर एका सरळ चढत्या दगडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसले आहे. रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात आणि खालच्या टोकाला पाणचक्की फिरते. इथली घरे जुन्या पद्धतीची असली तरी फार जुनी नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. १८९५ आणि १९१५ च्या आगींत गाव जळाले आणि आज दिसते ते त्यानंतर उभारलेले आहे. गाव पूर्वी नागानो प्रांतात होते. २००५ मध्ये ते नाकात्सुगावा शहरात आणि त्याबरोबर गिफू प्रांतात आले. त्यामुळे आता मागोमे आणि त्सुमागो यांच्यामधली खिंड हीच दोन प्रांतांची सीमा आहे.

दुपारी रस्त्यावर पुष्कळ गर्दी होती. पाचच्या सुमारास सहलींच्या बसगाड्या निघून गेल्या, दुकानांच्या फळ्या लागल्या आणि अर्ध्या तासात रस्ता आमच्या एकट्यांचा झाला. अशा गावात एक रात्र राहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण दिवसा येऊन दिवसा परतणाऱ्याला फक्त दुकाने दिसतात. राहणार असाल तर रात्रीचे जेवण मुक्कामाच्या घरीच सांगून ठेवावे. अंधार पडल्यावर बाहेर खायला मिळेल या भरवशावर राहू नये.

जेवणाबाबत शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिते. जपानमध्ये मांस-मासे नकोत एवढे सांगून भागत नाही. बहुतेक रस्से, डाळ-भाज्यांचे पाणी आणि सोबा म्हणजे बकव्हीटच्या शेवयांबरोबर येणारी चटणीवजा आमटी सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्कावर होते आणि यजमानांना तो मासा वाटतच नाही. भाचीने तीन आठवडे आधी जपानीत पत्र पाठवून, कोम्बू या समुद्रवनस्पतीचा अर्क चालेल पण माशाचा नको, असे स्पष्ट कळवले होते. त्याचे फळ रात्री ताटात दिसले. चेस्टनट घालून वाफवलेला चिकट भात, मायताके अळंबीची भजी, अक्रोडाचा तोफू, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) लावून भाजलेले वांगे आणि किसोची खास सुंकी हे सगळे समोर आले. सुंकी म्हणजे तांबड्या सलगमाच्या पाल्याचे, मीठ अजिबात न घालता आंबवलेले लोणचे. डोंगरात मीठ महाग होते, त्या दिवसांपासून ते असेच करतात. मेतकुटाची डबी पिशवीतून निघालीच नाही.

दुसरा दिवस: खिंडीतून त्सुमागोकडे

सकाळी पाऊस होता. भुरभुर म्हणावा असा, पण थांबण्याची चिन्हे नसलेला. आठ वाजता मार्गदर्शक बाई छत्री आणि पाठीवरची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय पासष्टीच्या आसपास, बांधा लहान, बोलणे अगदी हळू. त्या याच खोऱ्यातल्या नागिसो गावच्या. पिशवीला अस्वलांसाठीची पितळी घंटा बांधलेली होती. त्यांनी आधी आमच्या तिघींचे बूट वाकून पाहिले, भाचीच्या बुटांचे झिजलेले तळवे बोटाने चाचपले आणि उतारावरच्या ओल्या दगडांवर पाय आडवा टाकायचा, टाच आधी टेकवायची नाही, हे तिथेच अंगणात करून दाखवले. पुढे खिंडीपलीकडच्या फरसबंदीवर ही शिकवण अक्षरशः पावलोपावली उपयोगी पडली.

मोठ्या बॅगा आम्ही मागोमेच्या पर्यटन कार्यालयात दिल्या. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत या कार्यालयातून त्सुमागोच्या कार्यालयात सामान पोहोचवण्याची सोय असते. सामान सकाळीच द्यावे लागते आणि दुपारी पलीकडे मिळते. त्यामुळे पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ राहिला.

वाट सुमारे आठ किलोमीटरांची आहे. मागोमे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास, खिंड आठशेच्या आसपास आणि त्सुमागो सव्वाचारशेच्या जवळपास. म्हणजे मागोमेहून निघालात तर सुरुवातीचा चढ संपल्यावर बाकी सगळा उतार आहे आणि उलट दिशेने आलात तर चढ दुप्पट. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करूनच दिशा ठरवावी, कारण ओल्या दगडांचा उतार चढापेक्षा गुडघ्यांना जास्त जाणवतो. नुसते चालले तर तीन तास पुरतात. आम्हाला पाच लागले आणि त्यांतले एक मिनिटही मला परत नको आहे.

गावाच्या वरच्या टोकाला मोकळे पठार आहे. तिथून २१९१ मीटर उंचीचा एना पर्वत दिसतो. त्या सकाळी पर्वत ढगात होता, फक्त पायथ्याची भातखाचरे आणि त्यांतली कापणी झालेली खुंटे दिसत होती. पावसाने बाई मुळीच हिरमुसल्या नाहीत. "उन्हात हा पर्वत सगळेच बघतात, पावसात जंगलाचा वास येतो," असे त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

खिंडीच्या अलीकडे तोगे नावाची लहानशी वस्ती लागते. घरे मोजकीच आणि सगळी वाटेकडे तोंड करून. ही वस्ती बैलांवर माल वाहून नेणाऱ्यांची होती. सरदारांच्या लव्याजम्यासाठी ठाण्यांवर माणसे आणि घोडे ठेवलेले असत. नाकासेन्दोवर सर्वसाधारणपणे प्रत्येक ठाण्याला पन्नास माणसे आणि पन्नास घोडे ठेवावे लागत, पण किसोच्या गरीब डोंगरी ठाण्यांना पंचवीस-पंचवीसची सवलत होती. व्यापाऱ्यांचा माल मात्र या बैलवाल्यांच्या जिवावर चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी माल सोपवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या वागणुकीविरुद्ध एकजुटीने माल उचलायचे थांबवले होते. बाईंनी ही हकिकत पावसात उभे राहून सांगितली आणि सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. राजमार्गाच्या इतिहासात सरदार, राजकन्या आणि शोगुन यांचीच नावे येतात. इथे उभे राहिल्यावर ज्यांच्या पाठीवरून तो मार्ग चालला, त्यांची घरे समोर दिसतात.

राजकन्येचा उल्लेख ओघाने आला, तर तिच्याबद्दलही लिहिते. सम्राटाची बहीण काझुनोमिया हिचा शोगुन तोकुगावा इएमोची याच्याशी विवाह ठरला आणि १८६१ मध्ये क्योतोहून एदोला ती याच डोंगरवाटेने गेली. लवाजमा हजारो माणसांचा होता आणि तो पुढे सरकवण्यासाठी दूरदूरच्या खेड्यांतून माणसे वेठीला धरली गेली. ताई वाटेच्या रुंदीकडे बघत राहिली. दोन माणसे शेजारी चालतील एवढीच ती वाट आहे. "यावरून पालखी कशी नेली असेल?" तिने विचारले. बाईंनी खांद्यावर दांडा धरल्यासारखा हात ठेवून, अंग तिरके करून दोन पावले टाकून दाखवली.

खिंडीपाशी मोटाररस्ता आडवा येतो. जुनी वाट आणि हा रस्ता एकमेकांना काही वेळा छेदतात, तिथे जपून ओलांडावे. खिंड ओलांडली आणि जंगल दाट झाले. वाटेत ठिकठिकाणी खांबाला मोठ्या घंटा टांगल्या आहेत. येणाऱ्याने त्या जोराने वाजवायच्या, म्हणजे अस्वल आपणहून दूर जाते. घंटा वाजवायची म्हटल्यावर ताईचा हात आपोआप देवळातल्यासारखा अलगद गेला. बाईंनी हसून तिच्या हातावर हात ठेवला आणि घंटा दणदणीत वाजवून घेतली.

या जंगलातच दिवसातला सर्वांत चांगला धडा मिळाला. किसोची पाच झाडे प्रसिद्ध आहेत: हिनोकी, सावारा, आसुनारो, नेझुको आणि कोयामाकी. पहिली दोन तर मला एकसारखीच दिसत होती. बाईंनी खाली पडलेल्या दोन डहाळ्या उचलल्या, उलट्या केल्या आणि भिंग माझ्या हातात दिले. पानांचे खवले जिथे एकमेकांना मिळतात, तिथे पाठीमागे पांढऱ्या रेषा असतात. हिनोकीच्या पानावर त्या रेषांचा वाय होतो, सावाराच्या पानावर एक्स. एकदा दिसले की पुन्हा चुकत नाही. त्यानंतर मी आणि भाची वाटभर डहाळ्या उलट्या करून बघत होतो. उतारावर एका अवाढव्य सावारापाशी पोचल्यावर त्याची ओळख आम्ही बाईंच्या आधी सांगितली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हिनोकीची कहाणी साधी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ले आणि शहरे उभारण्यासाठी किसोची जंगले इतकी तोडली गेली की डोंगर उघडे पडू लागले. मग हे जंगल ज्यांच्या ताब्यात होते त्या ओवारीच्या सरदारांनी १६६५ मध्ये मोठाले भाग बंद केले आणि पुढे या पाच झाडांच्या तोडीवर बंदी आली. एका हिनोकीला एक मुंडके, असे त्या कायद्याचे वर्णन लोक करत. चोरून लाकूड जाऊ नये म्हणून याच वाटेवर तपासणीचे नाके होते आणि त्याची जागा आजही दाखवतात. जंगल वाचले, पण ज्यांच्या दारात ते उभे होते त्यांना घरासाठी खांबही घेता येत नव्हता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि बाईंनी दोन्ही सांगितल्या. इसेचे महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात आणि त्यासाठी मुख्यतः किसोचा हिनोकी लागतो. पुढची बांधणी २०३३ मध्ये पूर्ण व्हायची आहे आणि तिच्यासाठीची पहिली विधिवत वृक्षतोड जून २०२५ मध्ये जवळच्या आगेमात्सू इथे झाली.

नाक्याच्या जागेजवळच जुने चहाघर आहे. जमीन मातीची, मध्ये इरोरी म्हणजे जमिनीतली चौकोनी चूल, तिच्यावर छतापासून टांगलेली काळी किटली. स्थानिक स्वयंसेवक आळीपाळीने ते चालवतात. चहाचे पैसे घेत नाहीत, दारापाशी ऐच्छिक देणगीची पेटी असते. त्या दिवशी एक आजोबा होते. आमचे ओले रेनकोट त्यांनी स्वतः खुंटीला लावले, हिरवा चहा ओतला आणि बशीत मुळ्याचे लोणचे ठेवले. कुठून आलात विचारले. भारत म्हटल्यावर त्यांनी थेट विचारले, "तुमच्याकडे डोंगर आहेत का?" ताई वाईची. तिने भाचीमार्फत सह्याद्रीबद्दल, पावसाळ्यात चार महिने कोसळणाऱ्या पावसाबद्दल आणि महाबळेश्वरच्या घाटाबद्दल इतके सांगितले की आजोबांनी किटलीत पुन्हा पाणी घातले. लाकडाच्या धुरात, ओले मोजे चुलीशी धरून, तीन भाषांत चाललेले ते बोलणे तासभर तरी चालले असेल. चालणाऱ्यांना घाई असते, पण इथे घाई करू नये. देणगी जरूर टाकावी.

चहाघरापुढे वाट झऱ्याच्या कडेने उतरते आणि ओदाकी व मेदाकी हे शेजारी-शेजारी कोसळणारे दोन धबधबे लागतात, एक नर आणि एक मादी मानलेला. पाऊस थांबला होता. मेपलची पाने पूर्ण लाल झाली नव्हती, पिवळी-नारिंगी होती. तांबडा रंग पाहायचा असेल तर नोव्हेंबरचा मध्य गाठावा.

पुढे ओ-त्सुमागो ही वस्ती आली. घरांच्या छज्जांखाली सोललेली तुरट काकी (पर्सिमन) फळे दोऱ्यांनी ओळीत वाळत टांगली होती. तुरटपणा जाऊन ती गोड व्हायला काही आठवडे लागतात. एका घरासमोर म्हातारी बाई दोऱ्या सारख्या करत होत्या. आमच्या मार्गदर्शक बाईंशी त्यांचे बोलणे चालले आणि निघताना त्यांनी ताईच्या हातात दोन ताजी, गोड जातीची काकी ठेवली. पैसे देऊ केले तर त्या रागावल्याच.

त्सुमागो

त्सुमागोत शिरताना रस्ता काटकोनात दोनदा वळतो. शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून ठाण्याच्या तोंडाशी मुद्दाम केलेले हे वळण आहे, आपल्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजासारखे. ते ओलांडले आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरांच्या रांगा सुरू झाल्या. वरचा मजला तुळयांवर पुढे काढलेला, समोर बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी, काही छपरांवर लाकडी फळ्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. विजेच्या तारा रस्त्यावर कुठेही दिसत नाहीत आणि दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येत नाहीत.

आधी जेवलो. शरद ऋतूत नव्या पिकाच्या बकव्हीटचा सोबा मिळतो आणि त्याचा रंग किंचित हिरवट असतो. ताईसाठी भाचीने तो नुसता, किसलेला मुळा आणि सोया सॉसबरोबर मागितला. त्यावर गोहेइ मोची खाल्ली. शिजवलेला भात अर्धवट कुटायचा, लाकडी काडीवर थापायचा, अक्रोड, तीळ आणि मिसोचे दाट वाटण लावायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. वाटण कडेला करपते तिथेच खरी चव असते. दुकानातल्या बाई भाजताना एकदा उलटून, पुन्हा वाटण लावून, पुन्हा उलटतात. दुसऱ्यांदा लावलेले वाटण चकाकू लागले की काडी हातात देतात.

जेवणानंतर वाकीहोन्जिन ओकुया हे घर पाहिले. होन्जिन म्हणजे सरदारांच्या मुक्कामाचे मुख्य घर आणि वाकीहोन्जिन म्हणजे दुय्यम. आजची इमारत १८७७ ची आहे. हिनोकीवरची बंदी तोपर्यंत उठली होती आणि मालकाने सगळे घर हिनोकीचे बांधले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडाला हात लावता येत नव्हता, त्याचे पूर्ण घर बांधताना त्याला काय वाटले असेल, याचा विचार सकाळच्या जंगलानंतर मनातून जात नव्हता. १८८० मध्ये सम्राट मेइजी इथे थांबले होते. आत इरोरी पेटलेली असते. धुराने तुळया आणि खांब काळे झाले आहेत, कीड लागत नाही, आणि रोज फडक्याने पुसून-पुसून त्या काळेपणाला तकाकी आली आहे. आम्ही चुलीशी बसलो असताना ढग फाटले आणि उंचावरच्या जाळीतून ऊन आत उतरले. धुरात त्या उन्हाच्या सरळ, वेगवेगळ्या पट्ट्या दिसू लागल्या. माहिती सांगणाऱ्या बाई बोलता-बोलता थांबल्या आणि आम्हाला ते बघू दिले.

त्सुमागो वाचले कसे, हे इथल्या दगड-लाकडाइतकेच महत्त्वाचे आहे. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसून शांतपणे सांगितले. १९०९ मध्ये खोऱ्यात, आजच्या नागिसोला, रेल्वे स्थानक झाले. १९११ मध्ये मार्ग पूर्ण झाला आणि डोंगरवाटेवरचा प्रवासी संपला. पुढल्या पन्नास-साठ वर्षांत तरुण शहरात गेले, घरे ओस पडली, छपरे खचली. १९६८ मध्ये नागानो प्रांताच्या साहाय्याने डागडुजीचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी रहिवाशांनी आपल्या गावासाठी संस्था स्थापन केली. १९७१ मध्ये त्यांनी एक सनद केली, तिच्यात तीन बंधने आहेत: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. १९७६ मध्ये देशातल्या पहिल्या काही संरक्षित ऐतिहासिक वस्त्यांत त्सुमागोची गणना झाली. म्हणजे कायदा मागून आला, गावाचा निश्चय आधी झाला होता.

यावर ताईने लगेच प्रश्न केला. वाईच्या वाड्यांचे जे झाले ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. "चार भाऊ असले आणि प्रत्येकाला वाटणी हवी असली, तर हे लोक काय करतात?" बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, भांडणे होतात. खिडकी बदलायची असली तरी रहिवाशांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो आणि समितीत बसलेला माणूस शेजारीच असतो, त्यामुळे नाही म्हणणे दोघांनाही जड जाते. मुले परत येत नाहीत, हा प्रश्न सनदेने सुटलेला नाही. पण घर विकून बाहेरच्याने त्याचे दुकान केले, तर रस्ता उरेल, गाव उरणार नाही, एवढे सगळ्यांना पटलेले आहे. मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. वाडा वाचवायचा म्हणजे सरकारने पैसे द्यायचे आणि फलक लावायचा, एवढ्यावरच आपल्याकडचा विचार बहुतेक वेळा थांबतो. शेजाऱ्याला शेजाऱ्याने नाही म्हणण्याची तयारी त्यात धरलेलीच नसते.

गावाच्या तेराशिता भागात, जिथे डागडुजीची सुरुवात झाली, कामिसागाया नावाचे गरीब प्रवाशांच्या उताऱ्याचे घर आहे. इथे येणारा आपला शिधा स्वतः आणी, चुलीवर शिजवून घेई आणि फक्त सरपणाचे पैसे देई. सम्राटांच्या बैठकीपेक्षा ताई या मातीच्या जमिनीच्या खोलीत जास्त वेळ थांबली. साडेतीन वाजता मार्गदर्शक बाईंचा निरोप घेतला. ताईने सकाळी मिळालेल्या काकींपैकी एक त्यांना दिली आणि त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

मार्गदर्शक घ्यावा का, असे कुणी विचारले तर घ्यावा असेच मी सांगेन. वाट चुकण्याची मुळीच भीती नाही, पाट्या भरपूर आहेत. पण पानामागची रेषा, बैलवाल्यांची वस्ती, सनदेमागची भांडणे हे पाट्यांवर वाचून कळत नाही. रोख पैसे जवळ ठेवावेत, लहान दुकाने आणि बस यांना तेच सोयीचे पडतात. २३ नोव्हेंबरला त्सुमागोत जुन्या वेशातल्या प्रवाशांची मिरवणूक निघते. त्या सुमारास जायचे असेल तर राहण्याची जागा खूप आधी धरावी.

तिसरा दिवस: नारायी

त्सुमागोहून नागिसो स्थानकापर्यंत जुनी वाट साडेतीन-चार किलोमीटरांची आहे. आम्ही बसने गेलो. या मार्गावर साध्या गाड्या फार थोड्या आहेत, एक चुकली तर पुढचा दिवस विस्कटतो, म्हणून निघायची वेळ आदल्या रात्रीच पक्की करावी. आगेमात्सूजवळ गाडीच्या खिडकीतून नेझामे-नो-तोको हा किसो नदीतला पांढऱ्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांचा पट्टा दिसतो. उत्तरेकडे जाताना डावीकडे बसावे.

नारायी हे एदोकडून ३४ वे ठाणे. सरळ रस्ता सुमारे एक किलोमीटर आहे आणि भरभराटीच्या दिवसांत त्याला हजार घरांचे नारायी म्हणत. हवा इथे बरीच थंड, गाव ९४० मीटरांच्या आसपास आहे. रस्त्यावर ठरावीक अंतराने पाण्याच्या लाकडी डोण्या आहेत. डोंगरातले पाणी त्यांत अखंड पडते, प्रवाशांची तहान आणि आगीची भीती दोन्हींसाठी ती सोय होती. घरांवर पाट्या आहेत, पण दारांत पादत्राणे, सायकली, वाळत घातलेले मोजेही आहेत. यामुळे मला नारायी मागोमेपेक्षा अधिक आवडले.

इथून याबुहाराकडे जाणारी तोरीइ खिंड ११९७ मीटर उंच आहे आणि तिच्या अलीकडचे पाणी जपानच्या समुद्राला, पलीकडचे प्रशांत महासागराला मिळते. याबुहाराच्या मिनेबारी लाकडाच्या फण्या प्रसिद्ध आहेत. ती खिंड चालायला भाचीने पुढच्या मे महिन्याचा बेत केला आहे. आम्ही एका लाखकामाच्या दुकानात शिरलो. शेजारचे हिरासावा हे गाव याच कामावर जगते. ताईने एक साधा तांबूस वाडगा निवडला आणि तो रोज वापरला तर टिकेल का, असे विचारले. दुकानदार म्हणाले, रोज वापरलेलाच जास्त टिकतो, बंद कपाटात लाख सुकून तडकते. कोमट पाण्याने धुवावा, घासणीने नाही, उन्हात वाळवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये. वीस-पंचवीस वर्षांनी कड झिजली तर लाखेचा नवा हात देता येतो.